कापसाच्या माणसाचा बदला

माझ्या धाकट्या मुलीच्या कॉमिकमधला हिरो कापसाचा आहे. सिंदी रेल्वे गावातल्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तो रुईच्या ढिगात पडतो, त्याच वेळी वरून वीज पडते, आणि बाहेर येतो तेव्हा अंगाचा कापूस झालेला असतो. मग तो वाऱ्यावर उडतो, दाराच्या फटीतून आत शिरतो, गोळी लागली तर ती अंगात रुतून बसते आणि त्याला काही होत नाही. मुलगी नागपूरला चित्रकला शिकते. शनिवारी घरी आली की टॅब माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, "पाह्य."

मी शाळांचे गणवेश शिवते. पिपरी मेघेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. कोणाच्याही अंगावरचा कपडा पाहिला की मला पहिला प्रश्न पडतो, की हा माणूस यात शिरला कुठून.

"याले चेन कुठं आहे?" मी विचारलं.

"आई, सुपरहिरो आहे तो."

"असन. पण घालते कसा? गळा एवढासा, कंबर एवढीशी. ना चेन, ना हूक."

"अंगालाच चिकटलेला आहे तो ड्रेस."

"बरं. आणि पाणी आलं तं? ओला कापूस उडते का?"

ती खूश झाली. पाणी हीच त्याची कमजोरी आहे, तू बरोबर ओळखलंस, म्हणाली. मग तिने मला शेवटची पानं दाखवली. त्यात हिरो बदला घेण्यासाठी धरण फोडतो आणि सगळं गाव बुडवतो.

"अवं, मंग हा कुठं उभा आहे?"

"धरणावर."

"म्हणजे पह्यले हाच भिजन."

तिने टॅब बंद केला. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, पण पुढच्या शनिवारी परत दाखवायला घेऊन आली. मैत्रिणी नुसतं छान छान म्हणतात, तू फाडतेस तसं कोणी फाडत नाही, हे तिचंच म्हणणं. कॉमिकचे भाग ती इंटरनेटवर टाकायची. लोक वाचायचे आणि खाली प्रश्न विचारायचे. पैकी एक प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा आणि त्याच प्रश्नाने तिचं डोकं फिरायचं. तो प्रश्न कळायला आधी गोष्ट सांगावी लागेल.

कापसाच्या माणसाला एक मोठा भाऊ असतो. तो लोखंडाचा. गाठी बांधायच्या प्रेससारखे त्याचे हात, छाती म्हणजे पत्रा. हा मोठा भाऊ एक दिवस सगळ्या गावाला जेवण देतो. सगळ्यांना बोलावणं जातं, अगदी समोरच्या घरातल्या परक्या माणसालाही जातं, पण सख्ख्या लहान भावाला जात नाही. तेव्हापासून कापसाचा माणूस बदल्याची शपथ घेतो आणि बारा वर्षं टेकडीवर बसून राहतो. बारा वर्षांनी उतरतो आणि धरण फोडतो.

लोकांचा प्रश्न असा होता, की याला वाऱ्यावरून सगळ्या जिल्ह्याची कुजबुज ऐकू येते, फटीतून कोणाच्याही घरात जाता येतं, तर भावाने आपल्याला का बोलावलं नाही हे त्याने बारा वर्षांत एकदाही जाऊन का पाहिलं नाही? सरळ विचारलं का नाही?

माझाही तोच प्रश्न होता. वर आणखी एक होता. पाचव्या पानावर हिरोची बायको चहा घेऊन येते आणि नंतर पुस्तकभर कुठेच दिसत नाही.

"याची बायको कुठं गेली?"

"ती काही महत्त्वाची नाहीये स्टोरीत."

"बारा वर्षं चहाच करून राह्यली का ते? नवरा टेकडीवर बसला आहे, घर कोण चालवते? हे तिनं विचारलं नसन त्याले?"

"आई, मी काय करू? बाबांनी जसं सांगितलं तसंच घेतलंय मी. फक्त कापूस माझा."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिलं पान पाहिलं तेव्हाच मी ओळखलं होतं. लोखंडाचा माणूस म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ, जे सिंदीला असतात. आणि ते जेवण म्हणजे त्यांच्या मुलाचं लग्न.

आमच्याकडे घरच्या माणसाला पत्रिका देत नाहीत. पत्रिका पाहुण्याला. सख्ख्या भावाला पत्रिका दिली तर तो म्हणेल, मी परका झालो का? त्याने आपलं दोन दिवस आधी यायचं, बाह्या वर करायच्या आणि कामाला लागायचं. ही रीत सगळ्यांना माहीत आहे, माझ्या नवऱ्याला तर चांगलीच माहीत आहे. तरी त्या लग्नाच्या वेळी काय झालं, की भासरे आमच्या कॉलनीत पत्रिका वाटायला आले. समोरच्या घरी दिली. आमच्या दाराला कुलूप होतं, आम्ही बाहेर गेलो होतो, ते निघून गेले. संध्याकाळी समोरच्या बाईने कौतुकाने पत्रिका आणून दाखवली. झालं. नवऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "शेजाऱ्याले देल्ली, मले नाई."

मी म्हटलं, तुम्हाला कशाला देतील? तुम्ही घरचे. साखरपुड्यात तुम्ही होता, तारीख तुमच्यासमोर ठरली, आचारी तुम्ही सुचवला. तर म्हणाला, "फोन तं करू शकत होता. दाराले कुलूप होतं, फोनले नाई."

आम्ही लग्नाला गेलो नाही. मी दोन्ही मुलींना घेऊन एकटी निघाले होते, पण त्याने तोंडाला अशी काही पट्टी बांधून घेतली की घरात मयत झाल्यासारखं वाटायला लागलं, तेव्हा राहिले. नंतर जाऊबाईंना फोन केला. त्या भडकलेल्याच होत्या. म्हणाल्या, "घरच्यायले बोलावा लागते, हे मले आज समजलं. यायनं पंगत थांबवून ठेवली होती वो. माह्या भाऊ येईन, येईन म्हणून फाटकात उभे. लोकं उपाशी, भात थंडा."

हे मी नवऱ्याला शब्दन्शब्द सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी झाकून घेऊन राह्यली."

माझा नवरा मोटारपंप दुरुस्त करतो. बंद मोटार आली की शेतकऱ्याला आधी विचारतो, कधी बंद पडली, त्याच्या आधी काय झालं होतं, लाइट कमी-जास्त झाली होती का, कोणी उघडली होती का. एवढं विचारल्याशिवाय स्क्रूला हात लावत नाही. तोच माणूस आपल्या भावाच्या बाबतीत कोणाला काही विचारायला तयार नव्हता. वर वर्षानुवर्षं ही गोष्ट मुलीला सांगत बसायचा आणि दर वेळी गोष्टीला नवीन काहीतरी चिकटायचं. भासरे समोरच्या घरी पत्रिका देताना हसले होते, हे त्याला कुठून कळलं? आम्ही तर घरी नव्हतो.

मी स्वतः भासऱ्यांशी का बोलले नाही, असं कोणी विचारेल. आमच्यात लहान सून भासऱ्याशी थेट बोलत नाही. समोर आले तर पदर घ्यायचा, काही सांगायचं तर जाऊबाईंमार्फत किंवा मुलांमार्फत. मी शाळेच्या संचालकांशी भांडते, कापडवाल्यांशी भांडते, नालवाडीपासून सेलूपर्यंतच्या मुख्याध्यापकांना मी नावानिशी ओळखते. भासऱ्यांशी मात्र लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य झालेलं नाही. ही रीत मला कधी पटली नाही, पण ती मोडावी असं कामही कधी पडलं नव्हतं.

काम पडलं ते मोठ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा.

मोठी लहानपणी सिंदीलाच वाढली. माझं दुकान नवीन होतं, हाताशी कोणी नव्हतं, तेव्हा ती वर्षातून कितीतरी महिने मोठेबाबांकडे, म्हणजे भासऱ्यांकडे असायची. सायकल त्यांनी शिकवली, पोहायला त्यांनी शिकवलं. तिने दागिने मागितले नाहीत, लॉन कोणता घ्यायचा हेही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आई, मांडव टाकायला मोठेबाबा पाहिजेत."

लग्न नालवाडीकडच्या लॉनवर होतं, पण मांडव घरी पडतो, आणि त्यावर हिरव्या डहाळ्या भाऊबंदांनी टाकायच्या असतात. नवऱ्याला सख्खा भाऊ एकच.

नवरा म्हणाला, "त्यानं मले पत्रिका नाई देल्ली. मी त्याले देणार नाई. बरोबरी झाली."

धाकटी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "पण बाबा, घरच्याला तर पत्रिका देतच नाहीत ना?"

"हाव."

"मग तुम्ही दिली नाही, तर मोठेबाबा समजतील की आपण घरचे आहोत. ते येणारच. हा कसला बदला?"

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, की जसं काही तीच लोखंडाच्या माणसाची हेर आहे. उठून बाहेर गेला. मला हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. कारण भासरे खरंच येतील का, हे कोणाला माहीत होतं? मधली सगळी वर्षं येणं-जाणं बंद. त्यांच्या मनात काय चाललंय, ते जाऊबाईंना फोन करून विचारलं.

"तारीख मालूम आहे आम्हाले," त्या म्हणाल्या. "सिंदीत साऱ्यायले मालूम आहे."

"मंग येता ना, ताई?"

"यायच्या मनातलं मले का सांगते हे? रोज सकाळी म्हणते, पोरीचं लगन आहे. अन् चूप बसते. पण तुम्ही एक करा. पत्रिका नका पाठवू. पत्रिका आली तं मंग झालं."

तर असं होतं. पत्रिका पाठवली तर ते येणार नाहीत. नाही पाठवली तर येतील की नाही माहीत नाही. एक फोन करायचा तर तो भावानेच करायला हवा, आणि भाऊ टेकडीवर बसलेला. मला काम अडलं की ते उसवून परत शिवायची सवय आहे. इथे उसवायलाही काही हातात नव्हतं. काही न करता बसणं हा माझ्या स्वभावातला प्रकार नाही. त्या दिवसांत मी दुकानातल्या मुलींवर विनाकारण ओरडले असेन.

धाकटी त्याच सुमारास कॉमिकचा शेवट पुन्हा काढत होती. लोकांच्या प्रश्नांमुळे तिला ते भाग पडलं होतं. तिने मला विचारलं, मोठेबाबांच्या बाजूने काय झालं होतं? मी जाऊबाईंनी सांगितलेलं सांगितलं, पंगतीचं आणि फाटकाचं. तिने एक अख्खं पान काढलं. मागे पंगत बसलेली, पानं वाढलेली, आणि पुढे फाटकात लोखंडाचा माणूस एकटा, रस्त्याकडे पाहत. त्याच्या पाठीवर गंज चढायला लागलेला. चित्र चांगलं होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. बायकोलाही तिने परत आणलं होतं. ती टेकडीच्या पायथ्याशी उभी राहून ओरडत होती, "अवो, उतरा खाली!"

तो टॅब नवऱ्याच्या हाती लागला. त्याने ते पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं.  मला वाटलं, आता करेल फोन.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर मोठं काहीतरी केल्याचा भाव.

"संपवून टाकलं आपण," म्हणाला. "जाऊ दे, लहान झालो मी."

"फोन केला?"

"फोन नाई. तो सिंदीचा गिऱ्हाईक आलता मोटार घेऊन. त्याच्यापाशी पत्रिका पाठवून देल्ली. भावाच्या नावानं. सहकुटुंब सहपरिवार लिहून."

मी कात्री खाली ठेवली.

"तुम्ही त्यायले पत्रिका पाठवली?"

"मंग काय करू? पाठवली नाई तरी बोलते, पाठवली तरी बोलते! काऊन रडून राह्यली आता?"

मी रडत नव्हते. मी रागाने लाल झाले होते, आणि त्याला फरक कळत नव्हता. या माणसाने वर्षानुवर्षं पत्रिका मिळाली नाही म्हणून राग धरला, आणि शेवटी मन मोठं केलं ते भावाला परका ठरवून. जाऊबाईंनी काय बजावलं होतं ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे मले पह्यले काऊन नाई सांगितलं?" मी सांगितलं होतं. जेवताना, धाकटीसमोर सांगितलं होतं. तेव्हा तो मोबाइलवर मोटारच्या तारेचे भाव पाहत होता.

मोठीला मी काही कळू दिलं नाही. पण धाकटीने सांगितलंच. मोठी एवढंच म्हणाली, "बरं," आणि आपल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडून परत घालत होती, ते मला दारातून दिसलं.

मांडवाच्या दिवशी सकाळी डेकोरेशनवाल्याची माणसं अंगणात पाइप उभे करत होती. नवरा त्यांना उगाच सूचना देत होता. फाटकापाशी मोटारसायकल थांबली. भासरे पुढे, जाऊबाई मागे. जाऊबाईंच्या मांडीवर हिरव्या पाल्याचा एवढा मोठा भारा, की त्यांचं तोंडही दिसत नव्हतं. भासऱ्यांनी गाडी बंद केली नाही. एक पाय जमिनीवर टेकवून खिशातून पत्रिका काढली आणि फाटकावरून आत फेकली.

"हे घे तुही पत्रिका. मी वापस कराले आलो. मले पत्रिका देते? मी पाहुणा हाओ का तुह्या घरचा?"

नवरा म्हणाला, "तू तं मले तेही नाई देल्ली!"

"तुले काऊन देऊ? तू माह्या भाऊ होय का शेजारी?"

"मंग दारात येऊन वापस काऊन गेला?"

"दाराले कुलूप! कुलपाले निमंत्रण देऊ का?"

"फोन नव्हता तुह्यापाशी?"

"तू तारीख ठरवाले होता ना बावा समोर! तुले कायचा फोन?"

पाइपवाली माणसं काम सोडून बघायला लागली. समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. दोघा भावांनी सगळं जे विचारायला हवं होतं ते विचारलं, आणि दोघांपैकी एकानेही उत्तर ऐकून घेतलं नाही. कॉमिकमध्ये असं असतं तर मी पान परत केलं असतं. मग भासऱ्यांनी गाडीचा कान पिळला आणि जाऊबाईंना म्हणाले, "चाल, आपलं काम झालं."

मोठी तोवर दारात येऊन उभी राहिली होती. 

मी फाटकापाशी गेले. डोक्यावरून पदर घेतलेला नव्हता, हातात पिठाचं भांडं होतं. म्हणाले, "भाऊजी, गाडी बंद करा. त्या डहाळ्या उतरवा पह्यले. ऊन लागून राह्यलं, कोमेजून जाईन."

भासरे माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं झाली, माझा आवाज त्यांनी समोरून ऐकला नव्हता. त्यांनी गाडी बंद केली. बहुतेक दुसरं काय करावं ते न सुचल्यामुळे.

जाऊबाईंनी भारा माझ्या अंगावर दिला आणि आधी पाणी मागितलं. भासरे उतरले, मांडवाखाली आले, वर पाहिलं आणि पाइपवाल्या माणसाला म्हणाले, "हे कोणं शिकवलं तुले? इकून वारा येते, इकडचं पह्यले बांध." मग बाह्या वर केल्या. नवरा बाजूला उभा होता. थोड्या वेळाने त्याने शिडी धरली. कोणी त्याला धर म्हटलं नव्हतं.

त्या दोघांनी पुढे ते प्रकरण काढलं नाही. लग्नभर नवरा मला सांगत राहिला, की पाह्य, पत्रिका पाठवली म्हणून आला. आणि जाऊबाईंनी सांगितलं, की भासरे म्हणत होते, पत्रिका तोंडावर मारून आलो तेव्हा त्याची अक्कल ठिकाणावर आली. दोघांनाही बदला पूर्ण झाल्याचं समाधान होतं. मी कोणाला काही समजावायच्या भानगडीत पडले नाही. मला अजूनही त्या दोघांचा राग येतो.

पण त्या सकाळी, डहाळ्या टाकणं चालू असताना, धाकटी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. तिचे डोळे चमकत होते.

"आई, यात पण एक गडबड आहे. मोठेबाबा पत्रिका परत करायला आले होते ना?"

"हाव."

"मग सिंदीहून एवढ्या डहाळ्या कशाला आणल्या?"

माझ्या हातात कणीक होती. बाहेर मोठी शिडीखाली उभी राहून वर डहाळ्या देत होती, आणि भासरे तिला म्हणत होते, जांभळाची दे, आंब्याची नको, आंबा समोर लावू.

"चूप बस," मी धाकटीला म्हटलं. "अन् हे बाहेर कोणाले विचारू नको."